बाळापूरचं काम

मला सिमेंट आवडत नाही. हे आता बोलायची सोय राहिलेली नाही, कारण ज्या घरात बसून मी हे लिहिते आहे ते पायापासून स्लॅबपर्यंत सिमेंटचंच आहे, आणि माझ्याच मुलांनी ते मोठ्या हौसेनं बांधलं आहे. वैशाखात अकोल्याचा स्लॅब तापला की मी पुटपुटायला लागते आणि सुना एकमेकींकडे बघून हसतात. त्यांना वाटतं, म्हातारीला उकाडा सोसत नाही. उकाड्यात तर माझा जन्म गेला. माझा राग जुना आहे, आणि ज्या गोष्टीवरून मी सिमेंटवर रागावले त्यात त्याचा काही दोष नव्हता, हेही मला चांगलं ठाऊक आहे. पण तेवढ्यानं राग जातो थोडाच!

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि मी बाळापूरहून अकोल्याला नवी सून म्हणून आले होते. सासरचा मळा गावाबाहेर, घरही मळ्यातच. वांगी, मेथी, शेवंती आणि मुख्य म्हणजे मोगरा. मोगऱ्याचा हंगाम ऐन उन्हाळ्यात, लग्नसराईत, आणि तो सगळा विहिरीशेजारच्या हौदावर चालायचा. दिवसभर मोटेचं पाणी हौदात साठवायचं आणि ऊन उतरलं की तिथून पाटानं मोगऱ्याला सोडायचं. हौदाच्या आतला चुन्याचा गिलावा जुना होऊन फुटला होता. साठवलेलं पाणी निम्मंअधिक जमिनीतच जिरायचं. उन्हाळ्याआधी तो दुरुस्त होणं भाग होतं.

माझ्या माहेरीही मळा होता, तसाच हौद होता, आणि तो चाचांनी बांधला होता. चाचा म्हणजे माझ्या वडिलांचे दोस्त, पिढीजात चुन्याचे मिस्त्री. बाळापुरात पाणी धरणारं जे जे बांधकाम होतं, मशिदीतला हौज असो की आमच्या मळ्यातला हौद, ते बहुतेक त्यांच्या नाहीतर त्यांच्या वडिलांच्या हातचं. माझ्या लग्नात पाठवणीच्या वेळी वडील खांबाआड उभे राहिले आणि चाचा मात्र सगळ्यांसमोर ढसाढसा रडले. सासरी हौदाचं बोलणं निघालं तेव्हा मी आत्याबाईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, कानाशी लागून सांगितलं, की आमच्या बाळापूरच्या चाचांसारखा हौद कोणी बांधत नाही. त्यांनी ते मामाजींना सांगितलं आणि मामाजींनी, माझ्या सासऱ्यांनी, ते चक्क ऐकलं. त्या घरात माझ्या शब्दाला किंमत आली ती पहिल्यांदा. माझे पाय जमिनीवर ठरेनात.

पण मनात धास्तीही होती. माहेरचा माणूस सासरी कामाला आला, की काम चांगलं झालं तर माहेरचं नाव, आणि बिघडलं तरी माहेरचंच. चाचांनाही ते कळत होतं. आल्या आल्या त्यांनी हौदात उतरून सगळा जुना गिलावा बोटांनी चाचपून पाहिला आणि मग पाणीसुद्धा न पिता कामाचं बोलायला बसले.

तेवढ्यात माझे दीर मध्ये पडले. भाऊजी कापसाच्या प्रेसमध्ये कामाला होते. तिथे नव्या इंजिनासाठी सिमेंटचा चौथरा झाला होता आणि उरलेली पोती त्यांनी मागून आणली होती. त्या दिवसांत भाऊजींना सिमेंटशिवाय दुसरं काही दिसत नसे. त्यांचं चाललं असतं तर त्यांनी देवघरातले देवसुद्धा सिमेंटचे केले असते.

"चुना काहून लावून राहिले?" ते म्हणाले. "हे लावा. रातीतून दगड होते."

चाचांनी मूठभर सिमेंट घेतलं, तळहातावर चोळलं, नाकाशी नेलं. "याले तं वासच नाई. चुना भिजवला का उकयते, वाफा मारते. मानसाले समजते का हा जित्ता हाये. हे राख हाये, राख."

"राख कायची? विलायती माल हाये."

"असन. पन एका रातीत कडक होनारी चीज मले पटत नाई. चुन्याले साल-साल लागते, तवा तो पक्का होते."

मामाजींना दोघांचंही पटत नव्हतं. त्यांचा नव्या वस्तूंवर विश्वास नसायचा आणि जुन्या माणसांवरही नसायचा. पण पोती घरात येऊन पडली होती आणि मुलाचं मन मोडवत नव्हतं. "लावून पाहू," ते म्हणाले. चाचांनी हातातलं सिमेंट पोत्यात परत टाकलं. मग म्हणाले, "तुमचा हौद, तुमची मर्जी. मी हात चालवतो." भाऊजींनी रेती किती, सिमेंट किती, पाणी किती, सगळं घमेल्यांवर मोजून दाखवलं आणि प्रेसला निघून गेले. हंगाम होता, त्यांना सुट्टी नव्हती. काय घालायचं ते त्यांनी नीट सांगितलं. काय घालायचं नाही, हे सांगायचं कुणाच्या मनात येणार?

चुन्यात गूळ घालतात, हे तेव्हा लहान पोरालाही ठाऊक होतं. गुळाचं पाणी आणि बेलफळाचा चीक घातला की चुना चिकट होतो, तडकत नाही, पाणी धरतो. चांगला मिस्त्री आणि भुरटा मिस्त्री यांतला फरकच तो, की भुरटा गूळ वाचवतो. चाचांना ते सिमेंट कोरडं, परकं वाटत होतं. ते स्वयंपाकघराच्या दारात आले आणि आत्याबाईंकडे गूळ मागितला.

"हौदाले लाडू खाऊ घालता का मिस्त्री?" आत्याबाई म्हणाल्या.

"लाडू नाई, मायबाई. त्या राखीत जीव टाकतो."

आत्याबाई हसल्या आणि त्यांनी गूळ दिला. मीही हसले, आणि रात्री जेवताना ती लाडवांची गंमत भाऊजींनाही सांगून झाली. घरात त्या दिवशी सगळे खुशीत होते.

हौद इतका सुंदर झाला होता की शेजारच्या मळ्यातल्या बाया बघायला आल्या. चाचांनी गारगोटीनं घोटून घोटून त्याला अशी चकाकी आणली होती की आत वाकलं तर आपली सावली दिसायची. मला कोण अभिमान! फक्त तो वाळेना. रात्र गेली, दगड झाला नाही. आणखी दिवस गेले तरी बोट लावलं की बोटाचा ठसा उमटायचा. "लागन, लागन," चाचा म्हणायचे, पण त्यांचा चेहरा उतरत चालला होता. शेवटी वरून उन्हानं पापुद्रा धरला, तो पाहून मामाजींनी पाणी सोडायला सांगितलं. संध्याकाळी हौद काठोकाठ भरला. सकाळी पाहतो तर पाणी गढूळ, अर्ध्याखाली उतरलेलं, आणि तळाशी सगळा गिलावा फाटलेल्या कढीसारखा गोळा होऊन पडलेला.

चाचा हौदात उतरले आणि तो लगदा हातात घेऊन उभे राहिले. मग ते म्हणाले, की मी सगळं खरवडून काढतो आणि माझ्या चुन्यानं नव्यानं करून देतो, घरचा चुना आणतो. भाऊजी तोवर प्रेसमधून आले होते. "ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "प्रेसमंधी हेच पोतं दगडावानी बसलं. तुमचा हात गेला आता, चाचा." मामाजी बैलांना मोटेला जुंपायला वळले. चाचांनी आपली थापी आणि गारगोटी फडक्यात बांधली आणि ते गेले. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी दारातच उभी होते.

त्या उन्हाळ्यात आमचा मोगरा जळाला. बैल मोट ओढून ओढून थकले, पण साठवणीचं पाणी नाही म्हटल्यावर किती पुरणार? घरात दोन तट पडले. भाऊजी म्हणायचे, म्हातारा खोटा. मामाजी म्हणायचे, शिमिट खोटी, त्या प्रेसच्या चौथऱ्यालाही एक दिवस भेगा पडतील, पाहालच तुम्ही. जेवताना हाच वाद. दोघांचंही मत इतकं पक्कं की नेमकं काय झालं हे विचारायची कुणालाच गरज वाटली नाही. आणि आत्याबाईंना एक नवा शब्द मिळाला. माझी भाकरी फुगली नाही, की "बाळापूरचं काम!" घडी नीट बसली नाही, की "बाळापूरचं काम!" त्या काही दुष्ट नव्हत्या, गमतीनंच म्हणायच्या. मोलकरणीही म्हणायला लागल्या. मी हसून साजरं करायची आणि गोठ्यात जाऊन रडायची.

बातमी बाळापूरला पोचायला वेळ लागला नाही. पाणी धरणाऱ्या बांधकामाला चाचांना बोलावणं येईनासं झालं. जो माणूस हौदासाठी ओळखला जायचा तो आता दिवाळी-ईदेला भिंतींना सफेदी देत फिरायचा. ते सिमेंटला शिव्या देत. साध्यासुध्या नव्हे, ऐकणाऱ्यानं कान धरावेत अशा. बाजारात टवाळ पोरं मुद्दाम विचारायची, "काय चाचा, शिमिट कसं हाये?" की त्यांचं सुरू. "दगाबाज चीज हाये! दिसाले दगड, आतून पिठलं!" माहेरी गेले की माझे भाऊ ते हुबेहूब करून दाखवायचे आणि सगळे लोटपोट व्हायचे. मला हसू यायचं नाही. पण एवढं खरं, की शिव्या देताना चाचांची मान ताठ असायची. फसवलेल्या माणसाची असते तशी.

अशी काही वर्षं गेली. माझी मुलं चालायला लागली. एकदा भाऊजी प्रेसमधून आले ते न जेवताच ओट्यावर बसले. प्रेसमध्ये पुन्हा फरशीचं काम निघालं होतं. कुणीतरी सिमेंट गुळाच्या रिकाम्या पोत्यांत भरून ठेवलेलं, आणि त्या पोत्यांतलं सिमेंट जिथे पडलं तिथे फरशी घट्ट होईना. काम बघायला अमरावतीहून ओव्हरसिअर आला होता. तो मजुरांवर ओरडला, की सिमेंटला गोड चालत नाही, चिमूटभर साखरही त्याला मारते, हे एवढंही ठाऊक नाही का. भाऊजींना ठाऊक नव्हतं. ते मामाजींना म्हणाले, "बाबा, आपल्या हौदात मिस्त्रीनं गूळ टाकला होता."

मामाजींनी ते त्यांच्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं. मग त्यांचा चेहरा असा उजळला, की मी तो तसा कधी पाहिला नव्हता. "म्हंजे मिस्त्री बी खरा अन् शिमिट बी खरी! त्याचा हात नवता गेला!" त्यांना आनंद आवरेना. एवढ्या वर्षांत मनात कुठेतरी त्यांनाही ते टोचत असणार. दुसऱ्याच दिवशी मला म्हणाले, "चाल बाई, तुह्या बाळापूरले. हे त्याले सांगाले पाह्यजे." मी नवं लुगडं नेसले. सगळ्या वाटेत मला वाटत होतं, आता माझ्या माहेरावरचा डाग गेला आणि चाचांवरचाही. आम्ही आनंदाची बातमी घेऊन चाललो होतो.

चाचा अंगणात फडक्यातून चुना गाळत बसले होते. खूप वाळले होते. मला पाहून उठले, डोक्यावर हात ठेवला, मुलांची चौकशी केली. मामाजींनी बसायलाही उसंत घेतली नाही. "मिस्त्री, तुमची चुकी नवती," ते म्हणाले, आणि पोत्यांची, फरशीची, ओव्हरसिअरची सगळी हकीकत सांगून टाकली. "गुळानं झालं ते. फकस्त गुळानं. तुमचा हात सोन्याचा हाये."

चाचा ऐकत होते. फडक्यातून चुना ठिबकत होता. "गुळानं?" त्यांनी विचारलं.

"हाव. तो टाकला नसता तं दगड झाला असता."

"तं शिमिट चांगलं होतं."

"चांगलं होतं."

मामाजी हसत होते. मीही हसतच होते. मग चाचांनी माझ्याकडे पाहिलं. "बेटीचं घर म्हनून," ते म्हणाले, "मी दुप्पट टाकला होता."

मामाजींचं हसू तिथेच थांबलं. त्यांना तेव्हा कळलं आणि मलाही. इतकी वर्षं त्या माणसाला सिमेंटनं फसवलं होतं. आज आम्ही दोघांनी मुद्दाम एवढ्या लांब येऊन त्याला सांगितलं होतं, की मोगरा जाळला तो तू, बेटीला टोमणे मिळाले ते तुझ्यामुळे. मामाजी काहीतरी समजावू लागले, की कुणालाच ठाऊक नव्हतं, आम्हालाही नव्हतं. चाचा मान हलवत होते. त्यांनी आम्हाला चहा पाजला, मुलांसाठी खारका बांधून दिल्या. परतताना सर्व्हिसच्या मोटारीत मामाजी एवढंच म्हणाले, "सांगाले नाई पाह्यजे होतं."

पुढच्या खेपेला माहेरी गेले तेव्हा मी भावाला चाचांची नक्कल करायला सांगितली. मला ती ऐकायची होती, काय वाट्टेल ते झालं तरी. तो म्हणाला, आता कसली नक्कल, ते काही बोलतच नाहीत. पोरं अजूनही विचारतात, चाचा, शिमिट कसं हाये. तर म्हणतात, "चांगलं हाये," आणि चालायला लागतात.