दोन घरांचा एक पूर्वज

शके १८०८, माघ शुद्ध दशमी. वाटाड्याशी ठरलेली रक्कम आठ आणे. हजर तिघे: मी, ठाण्याच्या कचेरीतले एक शिरस्तेदार, आणि गडाच्या पायथ्याचा म्हातारा वाटाड्या.

शिरस्तेदारांच्या मुलाला माझी थोरली मुलगी द्यायचे जवळजवळ ठरले होते. पत्रिका जुळली होती, गोत्रे वेगळी होती. त्यांची अट एकच, सून पराक्रमी घराण्यातली हवी. आमचा एक पूर्वज कल्याणजवळच्या या गडाचा दरवाजा राखताना पडला आणि त्याचा दगड तिथे आहे, असे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. "तो दाखवा, की सुपारी फोडू," ते म्हणाले. वर्षभरातले हे चौथे स्थळ होते. मी निघालो.

वाटेत वाटाड्याने भीमाचे पाऊल दाखवले. मी मापले, सव्वादोन हात भरले. दुसरे पाऊल समोरच्या डोंगरावर आहे म्हणाला.

"मधे एवढी दरी आहे की," मी म्हणालो.

"भीमाला काय तिचं, रावसाहेब!"

शिरस्तेदारांना ते पटले.

माथ्यावर पडक्या दरवाजापाशी शेंदूर लावलेला दगड होता, त्यावर ढालतलवारीचा माणूस कोरलेला. मी बोट दाखवणार, तोच शिरस्तेदारांनी जोडे काढून साष्टांग नमस्कार घातला.

"अहो, हा आमचा!" मी म्हणालो.

"तुमचा कसा? दरवाजात पडले ते आमचे. आजोबा दर वर्षी तेल पाठवीत."

"आमचेही पाठवीत."

आम्ही वाटाड्याकडे पाहिले. "दोन्ही घरचा तेल येई," तो म्हणाला. "माझा बा दोन्ही घाली. नाय कुनाला म्हनाचा?"

शिरस्तेदार मटकन खाली बसले. "म्हणजे आपण भाऊबंद! आता सोयरीक कसली?"

"गोत्रे वेगळी आहेत ना!"

"पूर्वज एक आहे ना!"

मी म्हणालो, तुम्ही सोडा. ते म्हणाले, तुम्ही सोडा. मी सोडला तर मुलगी त्यांच्या अटीत बसेना. त्यांनी सोडला तर सुनेपुढे सगळ्या घराची मान खाली. ऊन डोक्यावर येईपर्यंत आम्ही दोघे त्या एका मेलेल्या माणसाची ओढाताण करीत होतो.

वाटाड्या तंबाखू मळत ऐकत होता. "येवढ्या दरवाजाला येकच मानूस ठेवतील का? दोगं आसतील. दुसऱ्याचा दगड दरीत गेला आसंल."

"मग हा कोणाचा?" आम्ही एकदम विचारले.

त्याने मळलेली तंबाखू दाढेखाली धरली. शिरस्तेदार माझ्याकडे पाहू लागले. मुलीचा बाप मी. मान वरपक्षाचा. मी म्हणालो, "हा तुमचा. आमचा खाली."

शिरस्तेदारांचा चेहरा खुलला. त्यांनी उठून दरीच्या दिशेनेही हात जोडले. "पडला तोही शूरच हो, व्याहीबुवा!"

लग्न वैशाखात झाले. वाटाड्याला ठरलेले आठ आणे मी त्या दिवशी गडावरच दिले होते. दुसऱ्या पूर्वजाबद्दल त्याने वेगळा रुपया मागितला, तो शिरस्तेदारांनी दिला होता. दरीत ओतायच्या तेलाचे दर वर्षी चार आणे माझ्याकडे लागले. ते आजही जातात; म्हातारा गेल्यापासून त्याच्या मुलाला.