रंगाला ठिपका नको!

आता हे कोणत्या तोंडाने सांगू! तुम्ही हसणार, हे ठरलेलंच. हसा बापडे, पण आधी हातातला कप खाली ठेवा, ठसका लागेल. आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण नंतर कुणी विश्वास ठेवणार नाही: मी मॅट्रिक पास आहे.

आमच्या यवतमाळच्या घरी तेव्हा एक जुनी विलायती मोटार होती, लढाईच्या आधीची. आमचे हे वकील. पण अशिलापेक्षा मोटारीची विचारपूस जास्त! त्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर ह्यांनी काय काढलं, तर इंजिनाचं झाकण रंगवायचं. इंजिनाच्या डोक्यावर एक लांबट लोखंडी झाकण असतं. मिस्त्री लोक त्याला टॅपेट कव्हर म्हणतात. बॉनेट उघडल्याशिवाय ते कुणाला दिसतही नाही. पण त्याचा मूळचा हिरवा रंग उडाला म्हणून ह्यांचा जीव खालीवर!

झाकण उतरवलं, रॉकेलने धुतलं, पॉलिश पेपरने घासघास घासलं. मग लाल अस्तर, त्यावर चकचकीत हिरवा रंग. ब्रशचा एक केस रंगात चिकटला, तर तो काढायला माझ्या अंबाड्यातला आकडा ओढून नेला. धूळ बसू नये म्हणून झाकण गच्चीवर ठेवलं ते माझ्या दुधाच्या जाळीखाली. दूध उघडं, झाकण जाळीत! मांजरीची चैन झाली.

मी एरवी भांडले असते, पण मला वेगळाच घोर होता. आमची लेक चिमी तेव्हा नुकती बसायला लागली होती. दसऱ्याला तिला केळापूरच्या देवीच्या पायावर घालायचं सासूबाईंनी ठरवलेलं. बसची गर्दी, विड्यांचा धूर, कुणाकुणाचा खोकला... छे, चिमीला मी बसने नेणार नव्हते. मोटारच हवी. पण मोटारीची तरी काय शाश्वती? ब्रेक लागला नाही तर? दार आपोआप उघडलं तर? तुम्ही म्हणाल, किती घाबरावं माणसाने! अहो, चिमीला शिंक आली तरी मी तिची छाती शेकायला घेत असे.

खंडेनवमीला सकाळीच सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, गाडीची पूजा करून घे वो. लेकरू बसनार हाये तिच्यात."

हे बाहेर निघाले होते. दारातूनच ओरडले, "पूजा करा, पण रंगाला ठिपका नको! मागच्या वर्षीचं कुंकू अजून घासतोय मी!"

झाली का पंचाईत? पूजा तर करायची, आणि रंगाला ठिपका नको. मी तबक घेऊन मोटारीभोवती हिंडले. दाराला रंग. चाकाच्या वाट्यांना रंग. मग माझं मॅट्रिकचं डोकं चाललं. रंग नाही अशी जागा कुठली? आतली!

बॉनेट उघडलं. इंजिनावर झाकणाच्या जागी स्वच्छ धोतराचा तुकडा घातलेला होता. तो बाजूला केला, आणि काय सांगू, आत ओळीने लोखंडी स्प्रिंगा उभ्या, प्रत्येकीवर एकेक छोटं डोकं. देवघरात टाक मांडावेत ना, अगदी तश्शा! माझे हातच जोडले गेले. म्हटलं, पूजेची जागा हीच.

एकेकीला हळद, एकेकीला कुंकू. हात राखून नाही हं, लेकरू बसणार होतं! गणपती म्हणून मधोमध सुपारी मांडली. वर मूठभर अक्षता. त्यातल्या बऱ्याचशा फटींतून खाली गडगडल्या. मला वाटलं, देवाने स्वीकारल्या. पुन्हा धोतर झाकलं, बॉनेट लावलं. रंगाला एक ठिपका नाही. इतकी शहाणी बायको कुणाला मिळते का?

दसऱ्याला सकाळी रज्जाकमिस्त्री आले. झाकण बसवायचं, की निघायचं. मी आत चिमीला दुपट्यावर दुपटी गुंडाळत होते. तेवढ्यात बाहेर दोघांचे आवाज चढले.

"वकीलसाब, मामला गंभीर हाये. हे लाल दिसून राह्यलं ना, हा जंग."

"एका रात्रीत गंज? आणि हे पिवळं?"

"पानी शिरलं. तेलात पानी. और ये सफेद दाने देखो. आतली धातू झडून राह्यली साब! गाडी रस्त्यातच गेली असती."

रस्त्यात! चिमीसकट! मी तिला उराशी धरून अंगणात धावले. सासूबाई मागोमाग.

"देवीनेच वाचवलं!" मी म्हटलं. "काल पूजा केली ना, म्हणूनच वेळेवर कळलं!"

ह्यांनी वर पाहिलं. "पूजा केलीस? कुठे? गाडीवर तर काही दिसत नाही."

"कसं दिसेल?" मी ऐटीत म्हटलं. "रंगाला हातसुद्धा लावला नाही मी."

"मग कुठे केलीस?"

मी बोट दाखवलं.

रज्जाकमिस्त्री वाकले. स्प्रिंगांमधल्या लाल-पिवळ्या चिखलात दोन बोटं घालणार, तोच थबकले. "या अल्ला! साब, सुपारी हाये!"

"काढा ती!" हे गरजले.

"थांब रे मिस्त्री!" सासूबाई त्याहून मोठ्याने. "उत्तरपूजा झाल्याबिगर गनपती उचलत नसतात!"

मिस्त्रींनी पाना खाली ठेवला आणि चार पावलं मागे सरले. "अम्मा बराबर बोलून राह्यल्या. मी नाही लावत हात."

"आई, अगं इंजिन आहे ते!"

"असू दे. बसवला ना त्याले? मंग रीतीनंच उठवा लागते." आणि कुणी अडवायच्या आत सासूबाईंनी माझ्या तबकातल्या उरलेल्या अक्षता उचलून इंजिनावर टाकल्या. "पुनरागमनाय च!"

म्हणजे, पुन्हा या! हे मोटारीच्या पायरीवर मटकन बसले.

सगळं तेल उपसून, इंजिन खालून उघडून दाणा न् दाणा वेचायचा होता. मोटार हलणार नव्हती. हे तिच्या उशाशी थांबले, आणि सासूबाई, मी व चिमी निघालो. बसने! जिच्यातून लेकराला न्यायचं नाही म्हणून मी एवढा खटाटोप केला, त्याच बसने.

बसमध्ये सगळं होतं. गर्दी, धूर, खोकला, शिवाय एक बोकड. मी चिमीच्या तोंडावर पदर धरून बसले. अन् पहिल्याच वळणाला पोटात ढवळून आलं. चिमीला नव्हे, मला! शेजारी काचेची भिंगं जडवलेली चोळी घातलेली एक बंजारा बाई होती. तिने चिमीला सरळ ओढून मांडीवर घेतलं. "दे वो इकडं. पोरगी मजेत हाये. तू तुह्यं पाह्य." चिमी तिच्या बांगड्यांशी खेळत झोपून गेली. मी पांढरकवड्याला उतरेपर्यंत डोकं खिडकीबाहेर काढून होते.

देवळात पोचलो तेव्हा चिमी टवटवीत, आणि मी भिंतीला धरून चालणारी. सासूबाईंनी चिमीला देवीच्या पायावर घातलं. गुरुजींनी अंगारा घेतला, चिमीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"पोरगी ठणठणीत हाये जी. आधी हिच्या मायलेच लावतो," म्हणत त्यांनी माझ्या कपाळावर अंगाऱ्याचं बोट ओढलं.

सासूबाई शेजारी हात जोडून उभ्या होत्या. डोळे मिटलेलेच ठेवून हळूच म्हणाल्या, "पाह्यलं का सूनबाई? डोस्कं किती का बिघडलेलं असंना, लावायचं ते बाहेरूनच!"