आठ कॉम्प्युटर, एकच नंबर

त्या आठ कॉम्प्युटरांचा विषय निघाला की आजही माझं डोकं तापतं. चोरावर नव्हे, चोर नव्हताच. राग येतो तो आमचाच.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. विरार पूर्वेला मी उपनिरीक्षक होतो. एका क्लासवाल्याने खबर आणली, की फुलपाड्यात एक बाई घरी कॉम्प्युटर शिकवतात आणि त्यांच्याकडे सगळी ऑपरेटिंग सिस्टीम चोरीची आहे. आम्ही त्याला सोबत घेऊन गेलो. त्याने प्रत्येक पडद्यावर लायसन्सचा नंबर काढून दाखवला. आठही ठिकाणी एकच! एका नंबरप्लेटवर आठ रिक्षा धावाव्यात तसं मला वाटलं. पंचनामा केला, कॉम्प्युटरचे आठही डबे जप्त केले, गुन्हा नोंदवला.

चौकशीत बाई एकच सांगत होत्या. "साहेब, कंपनी कारखान्यातच सगळ्यांत एक नंबर घालून पाठवते. ज्याची त्याची खरी चावी, म्हणजे वेगळा नंबर, डब्यावरच्या स्टिकरवर असते."

मुद्देमाल खोलीत जाऊन मी आठही डबे उलटेपालटे करून पाहिले. स्टिकर एकावरही नाही. मग माझा आवाज चढला. "बाई, पोलिसांना येडं समजता का?"

"ओरडू नका साहेब. क्लासच्या बावीसपैकी चौदा मुली नाव कमी करून गेल्या. पोलीसकेस झालेल्या घरात पोरगी कोण पाठवणार? आणि गेल्या कुठे, तर तुमच्या त्या खबऱ्याकडेच."

चौथ्या दिवशी आमचे जुने हवालदार सातिवलीच्या गोदामात पकडलेल्या सिलिंडरांना पंचांच्या सह्यांची लेबलं लावत होते. सपाट जागा दिसली की खळ लावायची आणि कागद थापायचा. एक कागद त्यांनी सरळ सिलिंडरच्या नंबरवरच थापला. मी त्यांना थांबवलं.

"कॉम्प्युटरला लेबलं कुठे लावलीत?"

"बाजूला, साहेब. तिथं आधीच एक चौकोनी स्टिकर होता, बरोब्बर मापाचा. त्याच्यावरच मारली."

कोर्टाची परवानगी आणून पंचांसमोर ओल्या फडक्याने लेबलं सोडवली. खाली आठ स्टिकर, आठ वेगळ्या चाव्या. बाई सांगत होत्या तेच कंपनीनेही लेखी कळवलं.

डबे परत देताना बाई म्हणाल्या, "नेलेत तेव्हा भर दुपारी सगळी बिल्डिंग गॅलरीत होती. आणूनपण तसेच द्या."

युनिफॉर्म घालून, भर दुपारी, पहिला डबा मी स्वतः उचलला. दुसऱ्या मजल्यावर एक शेजारीण दारात आली.

"अगं बाई, आता अजून काय पकडलं?"

"काही नाही. चूक आमची होती," मी म्हणालो. तिने मान डोलावली आणि आपल्या मुलीला हाताला धरून आत घेतलं.

पुढे नोकरीत मी समोरच्याचं बोलणं पुरतं ऐकल्याशिवाय जप्तीला हात घातला नाही. बाईंचा क्लास मात्र वर्षाच्या आत बंद पडला. कागदोपत्री त्या निर्दोष आहेत.