न उचललेला भंडारा

देवावर माझी श्रद्धा आहे. चमत्कारांवर कधीच नव्हती. या सदरातले अनुभव वाचून मी अनेकदा मनात हसलो आहे, हे आधीच सांगतो. म्हसवडच्या शाळेत आयुष्यभर संस्कृत शिकवले, निवृत्तीनंतर कराडला स्थायिक झालो. जे घडले ते माझ्याच हाताला घडले... एरवी लिहिले नसते.

पुतण्या श्रीधर माझ्या घरी वाढला. कराडला इंजिनिअरिंग झाले, मग कुपवाडच्या एका कारखान्यात नोकरी. तिथे त्याचे मन रमेना. पवनचक्क्यांच्या क्षेत्रात शिरायचे म्हणून पुन्हा अभ्यास केला, परराज्यांत साईटवरच्या पत्र्याच्या खोल्यांत दिवस काढले, टॉवरवर चढून दुरुस्त्या केल्या. वायूला प्रत्यक्ष ब्रह्म मानणाऱ्या परंपरेत मी वाढलेला. आपला मुलगा धुराविना वीज निर्माण करतो, याचे मला यज्ञाइतके अप्रूप होते.

मग म्हसवडच्या पुढच्या माळावरचा प्रकल्प त्याच्याकडे आला. स्वतःच्या जबाबदारीवरचा पहिलाच. जमीन धनगर कुटुंबांची. द्यायला त्यांची हरकत नव्हती. मेंढरांची तळ्याकडे जाणारी वाट मोकळी राहावी, एवढीच अट. श्रीधरने मला सोबत नेले, कारण त्यांच्यातले वडीलधारे मायाप्पा मला ओळखत होते. त्यांची मुले माझ्या हाताखाली शिकलेली.

माळावरच्या बिरोबापुढे बोलणे झाले. देवापुढचा भंडारा, म्हणजे हळद, मुठीत घेऊन दिलेला शब्द तिकडे कोणी मोडत नाही. श्रीधरने भंडारा उचलला आणि वाट राहील असे सांगितले. मी बाजूला घोंगडीवर बसलो होतो. हळदीला मी स्पर्शही केला नव्हता — हे कृपया लक्षात ठेवावे.

पवनचक्क्या फिरू लागल्या आणि तळ्याच्या वाटेवर कुंपण आले, फाटकाला कुलूप लागले. मायाप्पांचा फोन आला. मेंढरे आता ट्रकच्या रस्त्याने न्यावी लागत होती. काही चाकांखाली गेली होती. मी श्रीधरला जाब विचारला. हातातला कप खाली न ठेवता तो म्हणाला,

"काका, ड्रॉइंगमध्ये ती वाट पहिल्यापासून नव्हतीच."

"मग भंडारा?"

"तुम्ही शेजारी बसलात, म्हणून त्यांनी मानलं. नाहीतर प्रोजेक्ट उभं राहिलं नसतं. माझं सगळं करिअर त्यावर होतं, काका."

हे तो उद्दामपणे बोलला असता तर सोसले असते. तो कृतज्ञतेने बोलला.

दुसऱ्या दिवशी संध्येला बसलो, आचमनासाठी उजव्या तळव्यावर पाणी घेतले... पाणी पिवळे झाले. भंडारा मुठीत धरल्यावर लागावी तशी हळद तळव्यावर होती. धुतली, गेली. पुढच्या सकाळी पुन्हा तशीच. हातात लोकरी मोजा घालून झोपलो, तर मोजा आतून पिवळा. डॉक्टरांनी रक्त तपासून कावीळ नसल्याचे सांगितले. काही निमित्त काढून श्रीधरचा हात पाहिला. स्वच्छ होता.

शेवटी एका सकाळी हात न धुताच माळावर गेलो आणि मायाप्पांपुढे तळवा पसरला. त्यांना नवल वाटले नाही.

"आवं गुरुजी, पोराचा शबूद आमी धरलाच न्हवता. आमी तुमचा धरला."

"पण भंडारा त्याने उचलला, मायाप्पा."

"उचलला त्यानं. दिला तुमी."

मग त्यांनी शांतपणे विचारले, "फाटकाचं काय म्हनतोय त्यो?"

श्रीधरला बढती मिळाली. परराज्यातल्या मोठ्या प्रकल्पावर निघताना तो पहाटेच, माझा हात धुऊन होण्याआधी, पाया पडायला आला. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट होता. सवयीने मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि ठेवल्यावर भान आले. शर्टावर डाग पडला नाही. तळवा मात्र तसाच पिवळा.

याचा उलगडा मला झालेला नाही. फाटक उघडले तर हात निवळेल का, तेही ठाऊक नाही. कंपनीला विनंती करतो आहे. कुलूप अजून आहे. तोवर रोज सकाळी तेच पिवळे पाणी मी देवाचे नाव घेऊन प्राशन करतो.