खोलीतला कापूस आणि आयातीचा तक्ता

त्या हिवाळ्यात कापूस माझ्या खोलीत भरला. मला कुणी विचारलं नव्हतं. आमच्या गावात कापूस कुणाला विचारून भरत नाहीत. वेचणी झाली आणि भाव मनासारखा नसला, की घरातली एक खोली रिकामी करतात आणि दारापासून छतापर्यंत कापूस दाबून भरतात. मग भाव चढायची वाट बघतात. आमच्या नंदुरबारकडे म्हसावदच्या बाजूच्या कुठल्याही गावात जा, थंडीत बऱ्याच घरांत असं एक दार असतं, जे उघडलं की समोर पांढरी भिंत दिसते.

एरवी आमच्याकडे पुढची खोली भरायचे. यंदा तिथे नवा सोफा आला होता. सोफ्याला कापसातले किडे लागतील, असं काका म्हणाले. माझ्या गादीला लागतील का, हा प्रश्न निघालाच नाही. काका म्हणजे पप्पांचे धाकटे भाऊ. शेती एकत्र, घर शेजारी पण चूल वेगळी. त्यांच्या घरात कापसाला जागा नाही, असं ते दर वर्षी सांगतात. ती जागा मी पाहिलेली आहे.

माझं टेबल मागच्या पडवीत आलं, पाण्याच्या टाकीशेजारी. तिथून सगळे जातात. कुणी भांडी घासायला, कुणी चपला शोधायला, कुणी नुसतंच मी काय करते ते बघायला. मला लोकांसमोर बोलता येत नाही. फोन आला तरी मी भिंतीकडे तोंड करून बोलते. आणि पुढच्या महिन्यात माझी अर्थशास्त्राच्या एम.ए.साठी ऑनलाइन मुलाखत होती. लेखी परीक्षा मी पास झाले होते, आता फक्त बोलायचं राहिलं होतं. त्यासाठी मला लागत होतं एक दार, जे आतून लावता येईल.

मी हे कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मम्मी म्हणाली असती, पडवीत कोण खातंय तुला.

एके दिवशी सकाळी काका फोन घेऊन आले. गावोगाव टेम्पो फिरवून कापूस घेणाऱ्या व्यापाऱ्याने त्यांना एक चित्र पाठवलं होतं. वर झेंडे, खाली इंग्रजीत देशांची नावं आणि प्रत्येकापुढे डॉलरमध्ये लांबलचक आकडा. कुठल्या देशाने वर्षभरात बाहेरून किती किमतीचा माल आणला, त्याचा तक्ता.

"ताई, तू इंग्रजी शिकेल शे ना. हाई वाच बरं," काका म्हणाले.

शाळेपासून घरातलं सगळं इंग्रजी माझ्याकडे येतं. औषधाची चिठ्ठी, विम्याचा मेसेज, मिक्सरचं माहितीपत्रक. वाचून झाल्यावर मात्र मी वाचलं ते खरं का, हे ते बाहेर जाऊन दुसऱ्या कुणाला तरी विचारतात. म्हणून मी सावकाश वाचलं. पहिली अमेरिका, दुसरा चीन, तिसरा जर्मनी.

पप्पा खाटेवर चहा पीत होते. "अमेरिका पहिला? तिले कशानी कमी शे?"

"घरमा पिकत नही तो बाहेरथून आनस," काका म्हणाले.

"ज्याना घरमा पैसा शे तोच दुकानवर जास," मम्मी स्वयंपाकघरातून म्हणाली. "तुमना घरना किराणा देखा आन आपला देखा."

काका हसले, पण मला ते हसणं आवडलं नाही. ते पुढे सरकले. "आपला नंबर कितला?"

"पहिल्या दहाच्या आसपास," मी म्हणाले. "आणि त्याच्यावर हे नेदरलँड्स आहे, हाँगकाँग आहे. आकाराने लहान आहेत."

"इतला लहान देश इतला माल खास?" पप्पांनी कप खाली ठेवला. "हाई खोटं शे."

मलाही कॉलेजात पहिल्यांदा ते खोटं वाटलं होतं. मी सांगितलं, की बंदरात माल उतरतो, आयातीत मोजला जातो आणि बराचसा पुढे दुसऱ्या देशात जातो. मराठीत सांगताना मी अडखळले. घरात सगळे अहिराणी बोलतात आणि मी पुस्तकातलं मराठी, त्यामुळे माझं प्रत्येक वाक्य त्यांना सरकारी पत्रासारखं वाटतं. मम्मीने सोडवलं. "नंदुरबारले मिरची कितली येस! मंग तठला लोके बठ्ठी मिरचीच खातस का?"

ते सगळ्यांना पटलं. मी मान खाली घालून फोनकडे बघत राहिले.

"पन डॉलरमा कशाले लिखेल शे?" काकांना अजून शंका होती. "रुपयामा लिखतस नही, म्हंजे काहीतरी लपाडतस."

"दादा," मग ते एकदम पप्पांकडे वळून म्हणाले, "बाहेरना माल इतला यी ऱ्हायना. कापूस बी यी ऱ्हायना, व्यापारी सांगस. भाव पडी. इकी टाकू."

आता मला कळलं की तक्ता कशासाठी आला. व्यापाऱ्याला कापूस हवा होता, म्हणून त्याने तक्ता काकांना पाठवला. काकांना कापूस विकायचा होता. का, ते मला माहीत नव्हतं. पण काकू गेल्या आठवड्यापासून नव्या गाडीच्या रंगाबद्दल बोलत होत्या. पप्पांना थांबायचं होतं, कारण त्यांना दर वर्षी थांबायचं असतं.

"तू काय म्हनस?" पप्पांनी मला विचारलं. "इकाना का?"

मी म्हणाले, "विकावा."

काका खूश झाले. "देख दादा, पोरगी बी तेच म्हनस."

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, बाजारात बैलाचे दात बघतात तसं. "पोरगीनी खोलीमा कापूस शे," ते म्हणाले.

मम्मी हसली. काकाही हसले, मघाशी माझ्या बाजूने बोलूनसुद्धा. माझे कान गरम झाले. खोलीबद्दल मी एवढ्या दिवसांत एक शब्द काढला नव्हता आणि तरी घरात ते सगळ्यांना ठाऊक होतं. मी पडवीत गेले आणि कानात हेडफोन घालून बसले. गाणं लावलं नव्हतं.

त्या दिवशी उन्हं चढल्यावर पप्पांनी माझ्या खोलीचं दार उघडलं. "चाल, चादरी आन," ते मला म्हणाले. मग काकांना हाक मारली.

आम्ही जुन्या चादरींत कापूस बांधून पुढच्या खोलीत न्यायला लागलो. कापूस हलका असतो असं ज्यांना वाटतं त्यांनी तो कधी उचललेला नसतो. नाकात तंतू जातात, हातावर बारीक लाल फोड येतात, खाज मानेपर्यंत चढते. काका प्रत्येक गाठोड्यामागे काहीतरी पुटपुटत होते. "आठेथून तठे. कापूसले फिरायले ली जाई ऱ्हायनूत का आपन?"

सोफ्याचं काय, असं मी विचारलं. पप्पा काकांकडे वळले. "बापू, तुना घरमा जागा शे का?"

काकांनी कपाळावरचा घाम पुसला. "सोफाले व्हई जाई," ते म्हणाले. सोफा उचलून ते आणि पप्पा शेजारी घेऊन गेले. जागा निघाली. मी मम्मीकडे बघितलं, मम्मीने माझ्याकडे.

संध्याकाळच्या चहापर्यंत माझी खोली रिकामी झाली. पप्पा कापसाला टेकून बसले, मान खाजवली आणि काकांकडून फोन मागून घेतला.

"आते वाच," ते मला म्हणाले. "आते तुले काही लेनादेना नही."

मी तोच तक्ता पुन्हा वाचला. तेच झेंडे, तेच आकडे. पण या वेळी मला जाणवलं की ते दोघंही माझ्या तोंडाकडे बघतायत, आकड्यांकडे नाही. मी म्हणाले, "यात कापसाचं काहीच नाही. हा सगळा माल मिळून आहे. तेल, सोनं, मोबाईल, यंत्रं, सगळं. सोनं महागलं तरी हा आकडा फुगेल. बाहेरून कापूस येतो हे खरं आहे, पण इथला भाव त्याने पडेल का, ते यावरून सांगता येत नाही."

"सकाये हाई सांगं नही," पप्पा म्हणाले.

"सकाळी तुम्ही तक्त्याचं विचारलं नाही. विकायचा का, ते विचारलं."

"मंग आते सांग, इकाना का?"

"मला माहीत नाही."

काकांनी कपाळाला हात लावला. "दिनभर कापूस वाहा, आन उत्तर काय? माहीत नही."

"मंग थांबू," पप्पा म्हणाले, जणू तक्त्यात तेच लिहिलं होतं.

काका चहा न संपवता उठले, आणि मला वाटलं की ते सरळ व्यापाऱ्याला फोन करणार. मग वाटलं, पप्पांनाही तेच वाटतंय, आणि म्हणूनच ते हसत नाहीयेत.

मी खोली झाडायला गेले. कोपऱ्याकोपऱ्यांत कापूस चिकटला होता, खिडकीच्या जाळीत बिया अडकल्या होत्या. टेबल पडवीतून आत ओढलं. ते भिंतीला लावताना पायाला प्लॅस्टिकची पिशवी लागली. आत एक नवा एक्स्टेंशन बोर्ड होता, लांब वायरीचा. माझ्या खोलीत प्लग दाराजवळ आहे, टेबलापर्यंत वायर पोचत नाही, हे मी कधीतरी मम्मीला म्हणाले होते. पिशवी शहाद्याच्या इलेक्ट्रिकच्या दुकानाची होती. त्या दिवशी घरातून कुणीच शहाद्याला गेलं नव्हतं. पप्पा गेले होते ते आदल्या दिवशी, फवारणीच्या पंपाचा वॉशर आणायला.

म्हणजे काका तक्ता घेऊन यायच्या आधीच त्यांनी हा बोर्ड घेतला होता.

मी दार लावून बघितलं. आतून कडी बसते का, ते बघितलं. बसत होती. पलीकडून पप्पांचा आवाज येत होता, ते मम्मीला पाठीला तेल लावायला सांगत होते. मुलाखतीचं पप्पांना कुणी सांगितलं, हे मला अजून माहीत नाही. मुलाखत मी त्याच खोलीत दिली, भिंतीकडे तोंड न करता. एकदा कॅमेऱ्यासमोरून कापसाचा एक तंतू गेला, तो मी हाताने बाजूला केला.

कापूस पुढे विकला. भाव काय मिळाला, ते पप्पांनी एक सांगितलं आणि काकांनी दुसरं. बोर्डाबद्दल मी पप्पांना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते म्हणाले असते, दुकानदाराने वॉशरसोबत फुकट दिला.