पाटा टाकवायचा दगड

आमच्या गावाबाहेर घोड नदीच्या काठाला पांढरीचं टेकाड आहे. काळ्या मातीत पीक येतं आणि पांढऱ्या मातीत पूर्वी माणसं राहत होती, एवढं गावात सगळ्यांना माहीत असतं. पुण्याहून माणसं ते टेकाड खोदायला आली तेव्हा आम्ही दहा-बारा बायका रोजावर गेलो. माती हळूहळू खरवडायची, चाळायची आणि चाळणीत उरेल ते धुऊन वाळत घालायचं. मला हे काम आवडलं, कारण त्यात फारसं बोलावं लागत नव्हतं.

वाळलेल्या वस्तूंचे ढीग करायचो. खापऱ्या, हाडं, गारेच्या दगडाची पाती. पाती बोटाच्या पेराएवढी, पण अजून बोट कापेल अशी. लाकडाच्या खाचेत ती ओळीनं बसवून त्याचा विळा करत, असं खोदकामाच्या मॅडमनी सांगितलं होतं. शेवटचा ढीग नुसत्या दगडांचा. तो संध्याकाळी उतारावर फेकायचा.

एक दिवस त्या ढिगात मुठीएवढा काळा दगड दिसला. एक टोक गुळगुळीत, दुसऱ्या टोकाला टवके उडालेले आणि बारीक खड्डेच खड्डे. उचलला तर तो हातात असा बसला की तो कशासाठी होता ते मला कळलं.

माझी आई कवठे येमाईची. गावोगाव फिरून ती जात्यांना, पाट्यांना टाकी लावायची. दळून दळून दगड गुळगुळीत होतो, मग दाणा नुसता घसरतो, भरडत नाही. तेव्हा छिन्नीनं बारीक टोचे मारून दगड पुन्हा खरखरीत करायचा. त्याला टाकवणं म्हणतात. आई पार दौंडच्या बाजूला केडगाव, कासुर्डीपर्यंत जायची. केडगावच्या ख्रिस्ती बायका तिला ओट्यावर बसवून आधी चहा द्यायच्या. चौथीनंतर मीही तिच्याबरोबर फिरले. त्याआधी शाळेत मी वर्गात शिरले की मुली आईच्या टाकीची नक्कल करत पाटीवर पेन्सिल टकटक वाजवायच्या. ती टकटक डोक्यात राहिली. लग्न होऊन या गावात आल्यावर आईच्या धंद्याचं नाव मी कुणापुढं काढलं नाही.

मी दगड मॅडमपुढं धरला. त्या घाईत होत्या. "कुटायचा दगड असेल, ताई. तोही फुटका. असे पुष्कळ मिळालेत, राहू द्या."

आमचे मुकादम आप्पा बघत होते. "आगं, दगड धरून काय बसलीस? त्याला पिल्लं हुणार हायेत व्हय?"

बायका हसल्या. मी दगड घमेल्यात टाकला आणि उतारावर गेले. बाकीच्यांनी घमेली पालथी केली. माझं घमेलं डोक्यावरच राहिलं. एकदा खाली गेला की हा दगड हजार दगडांत मिसळणार होता. आणि तो वाचवायचा तर मला तो ओळखता कसा आला, हे सगळ्यांसमोर सांगावं लागणार होतं.

मी परत फिरले.

"मॅडम, ह्यो टाकू नका. ह्यानं पाटा टाकवलाय."

"टाकवलाय म्हणजे?"

हातपाय धुणाऱ्या बायका थांबल्या. "माझी आई करायची. दारोदार फिरून जात्याला, पाट्याला टाकी लावायची. मीबी करायची."

"पण हा कुटायचा का नसेल?"

"कुटून दगड गोल हुतो, गुळगुळीत. ह्येला टवकं उडून कोपरं पडल्यात. दगडावर दगड मारल्याबिगर असं हुत न्हाई."

"नदीत गडगडत आला असंल," आप्पा म्हणाले.

"नदी एकाच टोकाला मारती का, आप्पा?"

या वेळी बायका आप्पांना हसल्या. आमच्यातली एक म्हातारी मावशी म्हणाली, "मग माझा पाटा तुझ्याच आईनं टाकवला असंल. एवढी वर्सं बोलली न्हाईस ती."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला करून दाखवायला सांगितलं. नदीतला तसलाच दगड मी निवडला. एक जुनी गुळगुळीत फरशी पायानं दाबून धरली, दगडाची कच डोळ्यांत जाऊ नये म्हणून तोंड वळवलं आणि ठोकायला लागले. तासाभरानं दगडाच्या टोकाला तसेच खड्डे पडले. मॅडमनी भिंगातून दोन्ही दगड पाहिले. मग काळा दगड निघाला त्याच खोदकामाच्या खड्ड्यात आधी सापडलेला अर्धा पाटा मागवला. त्याच्यावर माझ्यासारखेच टोचे होते. मधे दाट आणि हलके, कडेला खोल.

मॅडम मातीतच बसल्या. "रोज दळल्याशिवाय पाटा इतका झिजत नाही, म्हणजे इथं रोज दळण होतं. पण झिजलेला पाटा नीटही करावा लागतो, हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं."

दगडाबरोबर ठेवायची चिठ्ठी त्यांनी मला लिहायला लावली. अक्षर वाकडं आलं. 'पाटा टाकवायचा दगड.' खाली त्यांनी खोदकामाच्या खड्ड्याचा नंबर घातला आणि दगड पेटीत गेला. आता तो कुणी फेकणार नाही.

रविवारी कवठ्याला गेले. आईच्या डोळ्यांना आता कमी दिसतं. मिक्सर आले तसा तिचा धंदाही थांबला. मी सगळं सांगितलं. त्या पांढरीतल्या माणसांकडं लोखंड नव्हतं, ती दगडानंच दगड टाकवत होती, हे ऐकून तिला नवल वाटलं नाही. तिनं एवढंच विचारलं, "मधी कसं मारलं हुतं?"

"हलकं. कडंला जोरात."

लहानपणी मी मधेच जोर लावायची, तेव्हा ती माझ्या मनगटावर चापट द्यायची. मधे जोर लावला की पाटा फुटतो. आता तिनं तेच मनगट हातात घेतलं.

"म्हंजी त्या टाकवणारीला कुणीतरी शिकवलं हुतं," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "आन् टाकवल्यावर पयलं पीठ तिनं फेकलं का? त्यात कच असती."

"ते कसं कळंल, आई, दगडावरनं?"

"फेकलंच असणार," आई म्हणाली. "शिकलेली बाई ती."