बंबाच्या पत्र्याचं गॅस्केट

जाड लग्नपत्रिका हातात पडली की नवरा-नवरीची नावं वाचायच्या आधी मी तिचा कोपरा दुमडून बघते. चीर पडली तर ती पत्रिका बिनकामाची. न तुटता वळली तर लग्न होईपर्यंत सांभाळायची आणि मग तेल पाजून गिरणीतल्या खिळ्याला अडकवायची. आमच्या गिरणीच्या जुन्या डिझेल इंजिनात अशी तीन लग्नं तरी बसलेली आहेत, आणि तिघांचेही संसार तेलाचा थेंब बाहेर येऊ देत नाहीत.

हे काम मला सासऱ्यांनी शिकवलं. त्यांना मी मामा म्हणते. दोन लोखंडी भाग कितीही आवळले तरी मधे केसाएवढी फट राहतेच आणि तिच्यातून तेल, पाणी, धूर वाट काढतात. ती फट बुजवायला मधे जे घालतात ते गॅस्केट. दुकानात तयार मिळतं, पण नेवाशापासून आत असलेल्या आमच्या गावात ते मिळेपर्यंत दळण थांबून राहत नाही. म्हणून मामा कागद घ्यायचे, लोखंडी कव्हरच्या तोंडावर धरायचे आणि गोल डोक्याच्या हातोडीनं कडेकडेनं हलकं ठोकत जायचे. खालच्या लोखंडाची धारच कागद कापून देते. बोल्टच्या भोकावर सायकलच्या बेअरिंगमधली गोळी ठेवून एक ठोका मारला की गोल टिकली खाली पडते.

त्यांचे हात थरथरायला लागले तेव्हा हातोडी माझ्याकडे आली. कुणी दिली नाही, मी उचलली. सामान कुठं मिळेल हे मला आपोआप दिसायला लागलं. पाणी अडवायच्या जागी ट्रॅक्टरची जुनी ट्यूब. शाळेनं टाकून दिलेल्या नोटीस बोर्डाचं बुचासारखं मऊ कॉर्क वरच्या झाकणाला. पंपाच्या वायसरला चामडं, तेही घोडेगावच्या बाजारात बैलांचे पट्टे विकणाऱ्याकडून, हातानं वळवून, वास घेऊन निवडलेलं. बाजारात बायका बांगड्या बघतात आणि आमची ही काय बघते, असं नवरा चारचौघांत म्हणायचा. मी म्हणायचे, "बांगड्यांनी इंजिन चालत असतं तर त्या घेतल्या असत्या."

मागच्या उन्हाळ्यात वळवाच्या वाऱ्यात गावाची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. गिरणीची विजेवरची मोटर बंद पडली. मग कोपऱ्यातलं इंजिन पुसलं, पट्टा चढवला आणि तीन दिवस आख्ख्या गावाचं दळलं. चौथ्या दिवशी दुपारी फस्सकन आवाज आला, पांढरा धूर निघाला आणि गरम पाण्याचं कारंजं माझ्या पायापर्यंत उडालं. इंजिनाचं डोकं, म्हणजे हेड, खोलून बघितलं. हेडखालचं गॅस्केट जळून त्याच्यातून पाण्याच्या भोकापर्यंत काळी वाट पडली होती.

आता इथं कागद चालत नाही. या गॅस्केटच्या एका बाजूला आग असते आणि दुसऱ्या बाजूला पाणी. हे एकच गॅस्केट मामा नेहमी विकत आणायचे.

दुसऱ्या दिवशी ते जळकं गॅस्केट पिशवीत घालून मी एसटीनं नगरला गेले. इंजिनाच्या सुट्या भागांच्या दुकानातल्या काउंटरवरच्या माणसानं ते दोन बोटांत धरलं आणि परत ठेवलं.

"हे मॉडेल कधीच बंद झालं. इंजिन भंगारात घाला, ताई."

"इंजिन चांगलं आहे. एवढंच गेलंय."

"घरात कोणी पुरुष माणूस नाही का पाठवायला? त्याला समजावून सांगितलं असतं."

"आहे की. पण त्याला गॅस्केट म्हणजे काय ते कळत नाही, म्हणून मी आले."

शेजारी उभं असलेलं गिऱ्हाईक हसलं. काउंटरवाला हसला नाही. मी म्हटलं, नसेल तर मीच बनवते.

"हेडचं? घरी?" तो म्हणाला. "दहा मिनिटं टिकलं तरी खूप झालं."

येताना एसटीत मी खिडकीला बसले आणि रस्ताभर ते जळकं गॅस्केट मांडीवर घेऊन त्याची भोकं मोजत राहिले. राग आला की माझे हात काहीतरी मोजतात. सिलिंडरचं मोठं भोक एक, बोल्टची चार, पाण्याची सहा. बाकी सपाट पत्रा. यात असं काय होतं जे माझ्या हाताला झेपणार नव्हतं?

घरी मामा ओट्यावर बसले होते. मला वाटलं, निदान ते तरी माझ्या बाजूनं बोलतील. ते म्हणाले, "त्यो बरुबर बोलला. हेडचं घरी व्हत न्हाई."

"तुमी कधी करून बघितलं?"

त्यांनी ओट्यावरची धूळ हातानं झाडली. मग म्हणाले, "बघितलं हुतं. तरणा हुतो तवा, डालडाच्या डब्याच्या पत्र्याचं. ऐन गर्दीत उडालं. लोकं लई हसली. तवाधरनं न्हाई केलं."

एवढी वर्षं शिकवताना त्यांनी ही गोष्ट कधी सांगितली नव्हती.

"मामा, तुमचं उडालं म्हणून माझं बी उडंल असं कुठं हाय?"

त्यांनी तोंड फिरवलं. सासऱ्याला उलट बोलायची ती माझी पहिलीच वेळ होती. पण शब्द परत घेतला नाही.

जुनं गॅस्केट तांब्याच्या पत्र्यांत बसवलेलं होतं, म्हणजे मला तांबं हवं होतं. आणि घरात तांबं कुठं आहे ते मला माहीत होतं. न्हाणीमागं, बुडाला भोक पडलेला, पाणी तापवायचा बंब. छतावर सोलर बसल्यापासून तो तसाच पडून होता. पण तो सासूबाईंचा, त्यांच्या माहेराहून आलेला. त्यांना मी आत्याबाई म्हणते. त्या तांदूळ निवडत होत्या. मी समोर बसले आणि सरळ मागितला.

त्यांनी मान वर केली नाही. "त्याच्यावर माझ्या बापाचं नाव कोरलंय."

"माहीत हाय."

त्यांनी दोन खडे काढून बाजूला टाकले. मग म्हणाल्या, "नाव तेवढं सोडून काप."

बंब कापला. त्याचा पत्रा जुन्या गॅस्केटच्या साधारण निम्म्या जाडीचा, म्हणून दोन थर करायचं ठरवलं. वाकलेला पत्रा लाकडी ठोकळ्यानं सपाट केला, जुनं गॅस्केट वर ठेवून खिळ्यानं रेघ ओढली, बाहेरची कड पत्र्याच्या कात्रीनं आणि आतली भोकं छिन्नीनं कापली. कानसून कानसून कड गुळगुळीत केली. दोन दिवस गेले. या दोन दिवसांत बाया डोक्यावर डबे घेऊन शेजारच्या गावाला दळायला जात होत्या आणि आमच्या दारावरून जाताना आत डोकावत होत्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी हेड बसवलं, बोल्ट आवळले, हॅण्डल मारलं. इंजिन सुरू झालं. मी हसले, आणि तेवढ्यात पाण्याच्या टाकीत बुडबुडे यायला लागले. मग हेडच्या बाजूनं पाणी ठिबकलं. मग वाहिलं. दहा मिनिटं काही ते टिकलं नाही.

नवरा दारात उभा होता. "झालं समाधान?" तो म्हणाला आणि मोबाईल काढून भंगारवाल्याला फोन लावला. "उद्या सकाळी टेम्पो घेऊन ये."

मी पाना उचलला. हेड परत खोललं आणि ते दोन्ही पत्रे ओट्यावर आणून टाकले. डोळ्यांत पाणी होतं ते धुराचं नव्हतं. आत्याबाई आल्या, एक पत्रा उचलला, वाकवून बघितला आणि म्हणाल्या, "हे तर लई कडक झालंय."

"तांबं कडकच असतंय की."

"न्हाई. तू ठोकून कडक केलंस. माझ्या माहेरी तांबट यायचा, बंबाला ठिगळ लावायला. आधी पत्रा लाल करायचा, मग पाण्यात बुडवायचा, मगच हात लावायचा. न्हाईतर बसायचंच न्हाई ठिगळ."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. दुकानदाराला, नवऱ्याला, मामांनाही जे माहीत नव्हतं ते तांदूळ निवडणाऱ्या बाईला ठाऊक होतं, आणि तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा.

चूल पेटवली. पत्रा लाल झाला, चिमट्यानं उचलून बादलीत टाकला. बाहेर काढला तर कापडासारखा बोटावर लवत होता. दुसऱ्याचंही तसंच केलं. मग पाण्याच्या प्रत्येक भोकाभोवती शेलॅकच्या, म्हणजे लाखेच्या, चिकट रसात भिजवलेला सुती दोरा फिरवला. हे मात्र माझ्या डोक्यातलं. हेडच्या तोंडावर काचेचा सपाट तुकडा धरून कुठं उंचवटा आहे ते बघितलं आणि धार लावायच्या दगडानं घासून काढलं. त्यातच संध्याकाळ झाली. रात्रभर ते तसंच वाळू दिलं.

सकाळी मी शेवटचे बोल्ट आवळत होते तेव्हा टेम्पो आला. भंगारवाला आत येऊन इंजिनाला हात लावून बघायला लागला, बैल बघतात तसा.

"हात काढा," मी म्हटलं. "अजून ते आमचं हाय."

"बाई, मालकांनी बोलावलंय. मला पुढं जायचंय."

"मग जा पुढं."

नवरा म्हणाला, "अगं, लोकांसमोर तमाशा नको."

"तमाशा कोण करतंय? मी काम करतीय. तुमी बाजूला व्हा, हॅण्डल लागंल."

दळणासाठी आलेल्या चार-पाच बाया डबे खाली ठेवून भिंतीला टेकल्या. हॅण्डल मीच मारलं. पहिल्यांदा नुसतं धापलं. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा सगळा जीव खांद्यात आणला, आणि इंजिनानं एक ठोका दिला, मग दुसरा, मग ठोके एकामागोमाग लागले. टाकीतल्या पाण्यात बुडबुडा नव्हता. मी घड्याळाकडे बघितलं नाही. हेडची कड बघत राहिले. ती कोरडी होती.

इंजिन तापल्यावर बंद केलं, बोल्ट पुन्हा एकदा आवळले. गरम झाल्यावर ते थोडे ढिले पडतात, हे मामांनीच शिकवलेलं. तेवढ्यात मामा स्वतः भिंत धरत आत आले. सरळ इंजिनापाशी गेले. थरथरता हात हेडच्या सांध्यावरून चारी बाजूंनी फिरवला, बोटं धोतराला पुसली आणि बोटांकडे बघितलं.

"कुठं काय न्हाई," ते म्हणाले.

भंगारवाल्याचा टेम्पो रिकामाच गेला. नवरा त्याला रस्त्यापर्यंत सोडायला गेला आणि येताना बायांचे दोन डबे उचलून आत घेऊन आला. त्याच्याकडून एवढं आलं, ते मी ठेवून घेतलं.

पुढं आठवडाभर आमच्या इंजिनानं दोन गावांचं दळलं. मग एका दुपारी वायरमन खांबावरून उतरला आणि बाहेर कुणीतरी ओरडलं, "लाईट आली!" आतला बल्ब लागला. नवरा पट्टा काढून मोटरवर घालायला पुढं झाला.

"ऱ्हाऊ द्या," मी म्हटलं. "या मावशींची बाजरी होऊ दे आधी."

मावशी हसल्या. इंजिन चालत राहिलं, आणि पीठ गरम गरम खाली पडत राहिलं.